बरोबरची खूण

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कुणाला फुली मारली नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही. तक्रार म्हणून सांगतोय.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गणिताचे मास्तर. वही तपासायला बसले की जे उदाहरण बरोबर असेल त्याच्यापुढे लाल पेनानं एक सुरेख, लांब शेपटीची, जराशी मिरवणारी खूण करायचे. चुकलेलं उदाहरण कोरं सोडायचे. त्यावर फुली नाही, गोल नाही, शेरा नाही. "चूक ज्याची त्यानं शोधायची असते. आपण फुली मारली की त्याचं शोधणं संपलं," असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी हे वाक्य टाकलं होतं. आमच्या वडिलांना वाटलं, माणूस शांत दिसतो, पोरगी सुखात राहील. ताईला काय वाटलं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. तिनं ते नंतर सांगायला घेतलं, आणि अजून सांगतेय.

वर्गातली मुलं अर्थातच काही शोधत नव्हती. कोरी जागा दिसली की सरांच्या नजरेतून सुटलं म्हणून खूष व्हायची आणि परीक्षेत तेच उदाहरण त्याच चुकीसकट पुन्हा मांडायची. चलाख होती ती घरी जाऊन कोऱ्या जागेत स्वतःच खूण करायची, शेपटीसकट. भाऊजींच्या हाताखाली सगळ्या वर्गाला हमखास आलेली गोष्ट कुठली असेल तर ती खूण.

मग पालक आले. "अहो, पोराचं काय चुकलं ते कळू तरी द्या!" मुख्याध्यापकांनी भाऊजींना बोलावून समजूत घातली. "मास्तर, फुली ती केवढी? दोन रेघा. एक इकडून, एक तिकडून. मारा की!"

"नाही मारणार."

"मग सोडा शाळा."

आता हे मुख्याध्यापक रोजच कुणाला ना कुणाला म्हणायचे आणि मधल्या सुट्टीतल्या चहापर्यंत विसरून जायचे. पण भाऊजींनी नेमक्या त्याच वाक्यापुढे बरोबरची खूण केली. राजीनामा दिला.

राहतं घर शाळेचंच होतं. शाळा सुटली की घर सुटलं. ताई भाजी चिरत होती तेव्हा भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तत्त्वासाठी सोडली."

ताईनं सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "बरं केलंत. तत्त्वाला खोल्या किती आहेत? आणि न्हाणीघर आतच आहे की बाहेर?"

निरोप समारंभ झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात भाऊजींच्या तत्त्वनिष्ठेची तारीफ केली आणि शाळेतर्फे भेट म्हणून लाल पेनांचा डबा दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चेष्टा चाललीय हे त्या अख्ख्या सभागृहात एकट्या त्यांनाच कळलं नाही.

आमचा एक मावसभाऊ इमारती बांधतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादाची पद्धत अशी, की तो आधी हसतो आणि मग बोलतो. काय बोलणार ते आपल्याला ठाऊक नसतं, पण हसण्याच्या लांबीवरून अंदाज येतो. तो आला तेव्हा ताई खोकी बांधत होती. दादा एका खोक्यावर बसला, थोडंसंच हसला, आणि म्हणाला, "काय जावईबापू, चुका काढता येतात ना?"

"म्हणजे काय? आजवर दुसरं काय केलं!"

"मग या माझ्याकडे. माझ्या नव्या इमारतीत चुकांशिवाय दुसरं काही नाही."

काम साधं होतं. घरं लोकांच्या ताब्यात देण्याआधी एकेक घर फिरून बघायचं. दारं लागतात का, न्हाणीघरात पाणी जाळीकडे वाहतं की तळं करून बसतं, फरशी नीट बसली आहे का. फरशी काठीनं वाजवून बघतात. खाली सिमेंट पुरतं भरलेलं असेल तर टणक आवाज येतो. पोकळी राहिली असेल तर बद्द वाजते, आणि अशी फरशी कधीतरी जड पावलाखाली तडकते. अशा सगळ्या फरश्या हुडकून काढायच्या. "खुणा करा, पुढचं फरशीवाले बघतील," दादा म्हणाला.

आणि घर? सगळ्यात वरच्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं, दोन्हीकडून गॅलरी असलेलं. नोकरी आहे तोवर घर भाऊजींचं. अट एकच. "आधी तुमचंच घर तपासा. पास झालं की सामान वर चढवा. तोवर जिन्याखाली एक खोली आहे, तिथे टेका."

ताईला त्यानं फरशीही निवडू दिली. तिनं साईच्या रंगाची, त्यात राखाडी धुरकट रेघ गेलेली निवडली. दुकानदार म्हणाला, हा शेवटचा माल, हा रंग आता बंद झाला. ताईला त्याचाही अभिमान वाटला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं पसंत केलेली वस्तू तिच्या घरात येणार होती, आणि तीही दुसऱ्या कुणाकडे नसणारी.

जिन्याखालच्या खोलीत मग तीन माणसं आणि एका संसाराची खोकी राहायला गेली. तिसरं माणूस म्हणजे भाऊजींच्या आई. त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि त्या काठी टेकत चालतात. छत जिन्याचंच असल्यामुळे एका टोकाला उभं राहता यायचं आणि दुसऱ्या टोकाला फक्त झोपता यायचं. डोक्यावरून दिवसभर मजुरांची ये-जा. ताई खोक्यावर शेगडी मांडून स्वयंपाक करायची, आणि भांडी पुसून झाली की वर जाऊन यायची. दारातच उभी राहायची, कारण फरशी ओली होती. तिथूनच बोटानं दाखवायची, इथे कपाट, इथे आईंचा पलंग, इथे काहीच नाही, इथे नुसतं मोकळं. वरच्या खिडक्यांच्या मापाचे पडदे तिनं शिवूनही टाकले आणि घडी घालून उशाखाली ठेवले.

"घाई झाली नाही का?" मी विचारलं.

"यांनी घर पास केलं की संध्याकाळी लावते. तुझे भाऊजी कुणाला नापास करत नाहीत."

फरशी बसवणारा जो मुख्य होता त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. काम झकास करायचा, पण मन लागलं तर. या घरात ते निम्म्या वेळी लागलेलं नव्हतं. भाऊजींनी आईंची काठी घेऊन बैठकीच्या खोलीत ठोकायला सुरुवात केली आणि जवळजवळ निम्मी खोली बद्द वाजली.

कुठल्याही तपासनिसानं इथे आईबहीण काढली असती. उस्तादला ती सवय होती. त्यानं उलट चार शिव्या दिल्या असत्या आणि काम मार्गी लागलं असतं. पण भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या सगळ्या माणसांसमोर ठेवला.

"उस्ताद, चुकतं. माणूस चुकतचुकतच शिकतो. मी ओरडणार नाही. तुमच्यात गुण आहे. पुन्हा करून बघा, जमेल तुम्हाला."

मी तिथेच होतो. मागे कुणीतरी फिस्स करून हसलं. "जमेल हां उस्ताद तुम्हाला!" दुसऱ्यानं बारीक आवाजात सूर लावला. उस्तादच्या नाकपुड्या फुगल्या. त्या माणसाचे केस हे काम करताकरता पिकले होते, आणि ज्याला थापी कुठून धरतात ते माहीत नाही असल्या माणसानं त्याला गोंजारलं होतं. तो नुसता "हां" म्हणाला. भाऊजींना वाटलं, पोरगं समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी लाल खडू घेतला आणि सबंध घर गुडघ्यांवर रांगून तपासलं. एकेक फरशी वाजवली. कान लावून पुन्हा वाजवली. टणक वाजली की तिच्यावर खूण करायची, लांब शेपटीची, जराशी मिरवणारी. बद्द वाजली की कोरी सोडायची. दुपारपर्यंत घरभर खुणा झाल्या. जिथे बांधकाम चालतं तिथे खूण म्हणजे फोड. खूण पडली की फरशी उडाली. ही गोष्ट तिथे कुणी कुणाला शिकवत नाही, तिथल्या कुत्र्यालाही ती माहीत असते. भाऊजींना शिकवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

उस्ताद दारात येऊन उभा राहिला. खुणांकडे बघितलं. मग भाऊजींकडे बघितलं. त्याची स्वतःची दोन मुलं शाळेत होती. वह्यांवर त्यानंच सह्या केल्या असतील. मास्तर काय करून बसलाय हे त्याला त्या दारातच कळलं, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

"मास्तर," तो अगदी अदबीनं म्हणाला, "तपासून झालं?"

"झालं."

"खुणा केल्यात, त्या पक्क्या ना? नंतर बदलायच्या नाहीत?"

"एकदा केलेली खूण मी कधी बदलत नाही."

"आणि बाकीच्या?"

भाऊजी हसले. वर्गात हसायचे तसेच. "बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. त्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही शोधा."

"सगळ्यांनी ऐकलं ना रे?" उस्ताद आपल्या माणसांना म्हणाला. "मास्तर काय म्हणाले ते ऐकलं ना?" सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्या दुपारी भाऊजी आईंना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ताई आणि मीही बरोबर गेलो, कारण आईंना डॉक्टरांचं ऐकू येत नाही आणि डॉक्टरांना आईंचं बोलणं कळत नाही. मध्ये ओरडायला कुणीतरी लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता यात काही उरलेलं नाही. आईंनी विचारलं, "काय म्हणतो?" ताई ओरडली, "छान आहे म्हणतात!" आई खूष झाल्या.

परतलो तर फाटकापासूनच घणाचे आवाज. ताई थबकली. "आपल्याच मजल्यावर चाललंय ना?"

"आपल्याच," भाऊजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी त्यांच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "दुरुस्ती चाललीय. बघ, मी कुणाला एक शब्द टाकून बोललो नाही. त्यांचं त्यांनी शोधलं."

ताई जिन्याखालच्या खोलीत शिरली आणि उशाखालचे पडदे घेऊन आली. मग आम्ही वर गेलो.

लाल खूण केलेली प्रत्येक फरशी फुटलेली होती. तुकडे कोपऱ्यात रचून ठेवले होते, नीटनेटके, आणि ज्यांच्यावर अख्खी खूण शाबूत राहिली होती असे काही मोठे तुकडे सगळ्यात वर, दिसतील असे. कोऱ्या फरश्यांना ओरखडासुद्धा गेला नव्हता. मधल्या खड्ड्यांमधून त्या बेटांसारख्या वर राहिल्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक पोकळ होती.

भाऊजी खड्ड्यांमधून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. शेवटी म्हणाले, "उस्ताद, हे... या बरोबर होत्या."

"मग खूण कशाला केली?"

"बरोबर होत्या म्हणून!"

उस्तादनं घण भिंतीला टेकवून ठेवला. "मास्तर, चुकतं," तो म्हणाला, आणि त्यानं भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "मी ओरडणार नाही. पुन्हा करून बघा. जमेल तुम्हाला."

मजूर भिंतीला धरून हसले. ताई नाही हसली. तिनं पडदे छातीशी धरले होते, आणि तिची नजर त्या धुरकट रेघेवर होती. ती रेघ एका फरशीवरून निघून दुसरीवर जायची. आता मध्येच तुटत होती.

दादा आला. मला वाटलं, आता भडकणार. तो भडकला असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक तुकडा उचलला, त्यावरची खूण शेपटीपर्यंत न्याहाळली, आणि हसायला लागला. थांबेचना. रंगाच्या डब्यावर बसला, डोळे पुसले, उस्तादकडे बघितलं, पुन्हा हसला. दादा इतका वेळ हसला की काहीतरी भयंकर बोलणार, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

"मी राजीनामा देतो," भाऊजी म्हणाले.

दादाच्या आधी ताईच बोलली. "एक दिलात तेव्हा क्वार्टर गेली. दुसरा देऊन कुठे जायचं? आता जिन्याच्या खाली काय असतं, ते तरी सांगा."

"राजीनामा कशाला?" दादा म्हणाला. "जावईबापू, मी माणूस सोडत नसतो. नोकरी तुमची, घरही तुमचं. पास केलं मी. हेच घर, असंच. जिथे खड्डे आहेत तिथे इमारतीत उरलेल्या फरश्या बसवून देईल उस्ताद. आणि या पोकळ आहेत ना, त्यांना कुणी हात लावायचा नाही. मास्तरांनी सोडल्यात, आपणही सोडायच्या."

"दादा, तू हे माझं घर..." ताईनं सुरुवात केली.

"तुझीच फरशी आहे की गं! उरलीय तेवढी."

उस्तादनं मात्र आता मन लावून काम केलं. न्हाणीघरातली निळी, जिन्यातली काळी, मोरीतली खरबरीत, दवाखान्यासारखी हिरवी, हाताला लागेल ती फरशी त्यानं खड्ड्यांत अशी पक्की बसवली की हत्ती नाचला तरी हलायची नाही. ताईच्या बैठकीच्या खोलीत आता सुंदर आहे ते सगळं पोकळ आहे आणि घट्ट आहे ते सगळं कुरूप आहे. पडदे लावलेत. त्यांचं माप अगदी बरोबर निघालं.

घरात सुखी माणूस एकच, भाऊजींच्या आई. गॅलरीत ऊन येतं, लोक दिसतात. पलंगापासून गॅलरीपर्यंत त्या काठी टेकत जातात, टक, टक, बद्द, टक, बद्द, बद्द, आणि हे दिवसभर चालतं. त्यांना ऐकू येत नाही. ताईला येतं. पहिल्या महिन्यात तिनं काठीच्या टोकाला रबर लावून बघितलं. त्यानं टणक आवाज दबला. बद्द आवाज दबला नाही. भाऊजी मात्र घरात चालताना काळ्या-हिरव्या फरश्यांवरच पाय देतात. त्यासाठी त्यांना कधी लांब ढांग टाकावी लागते, कधी तिरकं वळावं लागतं. लांबून बघितलं तर पाय भाजलेला माणूस चाललाय असं वाटतं.

"काय हो, कुठे निघालात नाचत?" ताई विचारते.

पण दादा जे बोलायचा राहिला होता ते यानंतर आलं. त्याच्याकडे कामावर नवा माणूस लागला, मग तो तपासनीस असो की इंजिनीअर, की त्याला पहिल्याच दिवशी दादा स्वतः वर घेऊन येतो. बूट बाहेर काढायला लावतो, बैठकीच्या खोलीत रांगेत उभं करतो आणि हाक मारतो. "मास्तर, या. धडा घ्या."

भाऊजी आतून येतात. आईंची काठी आणि लाल खडू घेऊन येतात. ही फरशी वाजवायची, ती वाजवायची, खूण म्हणजे काय ते सांगायचं, मग स्वतः काय केलं ते सांगायचं. सुरुवातीला ते खाली बघून पुटपुटायचे. दादा मागून म्हणायचा, "मास्तर, मागच्या बाकावर ऐकू येत नाही!" मग एके दिवशी त्यानं नवा नियम काढला. नुसतं सांगायचं नाही, पोकळ फरशीवर फुली मारून दाखवायची.

भाऊजी खडू हातात धरून उभे राहिले. मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. याच एका गोष्टीपायी त्यांनी शाळा सोडली होती, क्वार्टर सोडली होती. ताईही स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं फक्त खिडकीकडे बघितलं, पडद्यांकडे, आणि मग आत पलंगावर बसलेल्या आईंकडे.

भाऊजी वाकले. एक रेघ इकडून, एक तिकडून.

"केवढीशी ती!" दादा म्हणाला. "उगाच घाबरत होतात."

आता त्यांचा हात बसलाय. फुली सरळ येते. लोक गेले की ताई ओल्या फडक्यानं सगळ्या पुसते. पुढचे नवे लोक आले की भाऊजी पुन्हा मारतात. मीही कधीमधी जेवायला जातो तेव्हा धडा बघतो. चांगला शिकवतात. शाळेत असे शिकवत नव्हते.

परवा आलेल्या घोळक्यात एक नवीन इंजिनीअर मुलगी होती. सगळं ऐकून झाल्यावर बाकीचे हसले, ती हसली नाही. हात वर करून तिनं विचारलं, "सर, पण तुमचं बरोबरच होतं ना? चूक ज्याची त्यानंच शोधायला हवी. नाहीतर तो शिकणार कसा?"

दादाही हसायचं विसरला. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांचं वाक्य त्यांना परत करत होतं, आणि तेही चेष्टा म्हणून नाही.

ते तिच्याजवळ गेले. पोकळ फरश्यांवर पाय देतच गेले. खाली वाकून त्यांनी तिच्या पावलांपुढे एक फुली मारली. मोठी, ठळक, खडू मोडेपर्यंत दाबून.

"चूक," ते म्हणाले. "पुढे बोला."

"शाब्बास मास्तर!" दादानं टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली, कारण दादानं वाजवली होती.

ताई ट्रे घेऊन बाहेर आली. "चहा कुणाकुणाला हवाय? ज्यांच्यापुढे फुली नाही त्यांनीच हात वर करा."

भराभर हात वर झाले. त्या मुलीचाही अर्धा झाला होता. तिनं खाली बघितलं आणि हात मागे घेतला. भाऊजी तोवर मोडक्या खडूचा तुकडा घेऊन पुढच्या फरशीकडे सरकले होते.